उरलेलं कुठं गेलं?

दिवाळी होऊन महिना झाला असेल. संध्याकाळी कापसाच्या जिनिंगवरून घरी आलो तर पुतणी ओट्यावर गाइड उघडून बसली होती. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या, म्हणजे इंजिनचालकाच्या मदतनिसाच्या, परीक्षेची तयारी तिने आयटीआय संपल्यापासून धरली आहे. पान उलटता उलटता ती पुटपुटत होती, "सरौता, द्वितीय वर्ग. चिमटा, तृतीय वर्ग. कैंची, प्रथम वर्ग."

मी विचारलं, "सरौता म्हंजे काय वं?"

ती थांबली. "उत्तोलक हाय काका. द्वितीय वर्गाचा."

"हो, पन दिसते कसा तो?"

तिला सांगता येईना. मी आत आवाज दिला, "माय, तुह्या बटव्यातला अडकित्ता दे वं जरा." माझी आई अडकित्ता आणि एक सुपारी घेऊनच बाहेर आली. तिला वाटलं कोणी पाहुणा आला. मी तिला ओट्यावर बसवून सुपारी कातरायला लावली आणि पुतणीला म्हटलं, "पाह्य. जोड कुठं हाय, सुपारी कुठं हाय, आजीचा हात कुठं हाय."

जोड एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मधे, जोडाला जितकी चिकटून ठेवता येईल तितकी चिकटून. आई सुपारी कधीच पात्याच्या टोकाशी धरत नाही. तिथे ती कातरलीच जात नाही, हे तिला सत्तर वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे. पुतणी दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे त तरफ हाय काका. शायेत शिकवली होती. टेकू, भार, बल."

तरफ तिला येत होती, अडकित्ताही रोज डोळ्यांपुढे होता. पण गाइडमधला सरौता आणि आजीचा अडकित्ता एकच, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हिंदीशी माझं काही भांडण नाही. आमच्या जिनिंगमधले निम्मे कामगार हिंदी बोलतात, मीही बोलतो. रेल्वेची परीक्षा 15 भाषांतून देता येते आणि त्यात मराठी आहे. पण आमच्या दारव्हा तालुक्यातली पोरं ज्या गाइडवर आणि मोबाइलवरच्या ज्या व्हिडिओंवर अभ्यास करतात, ती जवळजवळ सगळी हिंदीत असतात. मग शाळेतली घनता घनत्व होते, कप्पी घिरनी होते, टेकूचा आलंब होतो, रोधाचा प्रतिरोध होतो. हुशार पोरगा नवा शब्द पाठ करतो आणि पुढे जातो. शब्द बदलल्याने नुकसान होत नाही. शब्दाच्या मागची वस्तू हातातून सुटते, त्याने होतं.

हे मी सांगतो कारण माझ्या हातून ती सुटली होती.

2018 साली रेल्वेने असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियनच्या जागा काढल्या. आधी साडेसव्वीस हजार, मग वाढवून 64,371. अर्ज आले 47 लाखांवर. म्हणजे एका जागेमागे सत्तरहून जास्त पोरं. मी फिटर ट्रेडचा, वय 30, सवलत धरून शेवटची संधी. तालुक्याच्या एका क्लासला वर्षभर गेलो. पहिली सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, निघाली. दुसऱ्या सीबीटीच्या भाग 'अ'मध्ये 90 मिनिटांत 100 प्रश्न, त्यात गणित आणि बुद्धिमत्तेसोबत मूलभूत विज्ञान आणि अभियांत्रिकी: एकके, मापन, वस्तुमान-वजन-घनता, कार्य-शक्ती-ऊर्जा, चाल आणि वेग, उष्णता आणि तापमान, वीज, तरफा आणि साधी यंत्रं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. तिथे मी राहिलो. थोडक्यात राहिलो की बरंच राहिलो, त्याने आता फरक पडत नाही. असिस्टंट लोको पायलटची पुढची जाहिरात आली जानेवारी 2024 मध्ये, तेव्हा मी 36 वर्षांचा होतो.

जागा गेली याचं दुःख होतंच, ते खरं आहे. पण एक गोष्ट मला त्याहून जास्त लागली. निकालानंतर सहा महिन्यांनी जिनिंगमध्ये लागलो, तेव्हा तिथल्या जुन्या मिस्त्रींनी सहज विचारलं, "बेअरिंग शाफ्टवर बसत नाई, काय करशीन?" मी शाफ्ट घासायला निघालो. त्यांनी बेअरिंग तेलात गरम केलं आणि ते आपसूक सरकून बसलं. 'धातूंचे उष्णतेने प्रसरण होते' हे वाक्य मी शेकडो वेळा पाठ केलेलं होतं. चार पर्यायांत ते समोर आलं असतं तर मी डोळे मिटून खूण केली असती. बेअरिंग समोर आलं तेव्हा ते आठवलं नाही.

आणि मी लोहाराचा नातू आहे.

आमचे आबाजी बंडीच्या चाकाला धाव चढवायचे. चाक सुताराचं: मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे. धाव म्हणजे त्यावरची लोखंडी पट्टी, ती लोहाराची. आबाजी चाकाचा घेर दोरीने मोजत आणि धावेची पट्टी त्याहून एक बोट कमी कापत. मी पाच-सहा वर्षांचा होतो. मला वाटे, म्हातारा चुकला, आता ही धाव बसणार कशी? मग मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा गोल रचायचा, त्यात ती कडी ठेवायची, वरून पुन्हा गोवऱ्या. लोखंड लाल व्हायला लागलं की चौघं जण लांब सांडश्यांनी कडी उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकत. ती सैल बसे! लाकूड पेट घेई, धूर होई, घणाचे दोन-चार ठोके पडत आणि बायका घागरीने पाणी ओतत. त्यानंतरचा आवाज मी विसरलेलो नाही. अख्खं चाक करकरत असे. प्रत्येक आरा तुंब्यात रुतत जाई, पुठ्ठ्यांच्या फटी मिटत. आबाजी म्हणत, "लोखंड तापलं का फुलते, निवलं का आवयते. आवयते तवा कोनाच्या बापाचं आयकत नाई."

मोठेपणी मी त्याचा हिशेब केला. चाकाचा व्यास सुमारे 1.4 मीटर धरला तर घेर 4.4 मीटर. पोलादाची एक मीटर पट्टी एक अंश सेल्सिअसने तापली तर साधारण 0.000012 मीटर वाढते. 500 अंशांनी तापली तर 4.4 गुणिले 0.000012 गुणिले 500, म्हणजे 0.026 मीटर. 26 मिलिमीटर. एक इंच आणि किंचित वर. आबाजींचं एक जाड बोट. शाळेत ते एक दिवसही गेले नव्हते. रेल्वेच्या चाकांवरही पूर्वी पोलादी धाव अशीच तापवून चढवत. गावच्या बंडीला आणि आगगाडीला तोच नियम लागू होता.

हा हिशेब 2018 च्या आधी मी एकदाही केला नाही, ही माझी चूक. माझ्या घरात तो अंगणात घडत होता आणि मी क्लासला जाऊन त्याचं एका ओळीचं उत्तर पाठ करत होतो.

म्हणून आता ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत जी अभ्यासिका सुरू झाली आहे, तिथे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी बसतो. दहा-बारा पोरंपोरी असतात. पुतणी त्यांत सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. मी त्यांना एवढंच सांगतो की उत्तर आलं की थांबू नका, त्याच्या पुढचा प्रश्न विचारा. तुमच्यातले किती रेल्वेत लागतील मला सांगता येणार नाही. आकडे मी जगलो आहे. पण जे लागणार नाहीत त्यांच्याजवळही हे विज्ञान राहिलं पाहिजे, मोटार दुरुस्त करताना, ट्रॅक्टर चालवताना, गाठ बांधताना.

गाठ म्हणजे कापसाची. घनतेचा धडा मी त्यावरच घेतो. एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड यांत जड काय, हा प्रश्न सगळ्यांना येतो. मी वेगळा विचारतो: कापूस पाण्यापेक्षा हलका की जड? सगळे हात वर, "हलका." मग एका भांड्यात पाणी घेऊन शेतातला कापूस टाकतो, तो तरंगतो. दवाखान्यातला कापूस टाकतो, तो भिजतो आणि बुडतो. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट आहे. कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि अडकलेली हवा त्याला तरंगवते. दवाखान्याच्या कापसावरचं ते मेण धुऊन काढलेलं असतं. म्हणजे हलका कापूस नसतो, कापसातली हवा असते. आमच्या प्रेसमध्ये आम्ही दिवसभर तीच हवा हाकलतो. खोलीभर रुई दाबून 170 किलोची एक गाठ होते, आणि एवढं दाबूनही तिच्यात हवा उरतेच.

ती दाबतो हायड्रॉलिक प्रेसने, म्हणजे पास्कलच्या नियमाने. लहान दट्ट्यावर दिलेला दाब तेलातून मोठ्या दट्ट्याला जसाच्या तसा मिळतो. क्षेत्रफळ पन्नासपट असेल तर बल पन्नासपट. इथपर्यंत गाइड सांगतं. पुढचा प्रश्न एका पोराने विचारला आणि मला फार बरं वाटलं: "मंग हे फुकटात भेटते का काका?" नाही भेटत. मोठा दट्ट्या एक सेंटीमीटर सरकायला लहान दट्ट्याला पन्नास सेंटीमीटर चालावं लागतं. बल गुणिले अंतर दोन्हीकडे सारखंच. सब्बलीने धोंडा उचलताना आपला हात हातभर खाली जातो आणि धोंडा चार बोटंच हलतो, तसंच. मोटेची कप्पी, ओझं चढवायला लावलेली फळीची उतरण, सगळ्यांचा हिशेब शेवटी इथेच येतो.

विजेचा धडा आमच्याकडे लवकर कळतो, कारण प्रत्येकाच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. एक एचपी 746 वॉट. नागपूरच्या अजनी इंजिन शेडमध्ये मालगाडीची जी मोठी इंजिनं असतात ती सहा हजार एचपीच्या घरातली, म्हणजे एक इंजिन बाराशे विहिरींच्या मोटारींएवढं. वरची तार 25,000 व्होल्टची का, हे त्यातूनच निघतं: शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 25,000 व्होल्टवर एवढ्या शक्तीला सुमारे 180 अँपिअर लागतात. घरच्या 230 व्होल्टवर द्यायची म्हटली तर वीस हजारांच्या आसपास अँपिअर, आणि तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. ती तार टिकलीच नसती.

वर्गाचा हा मामला ब्रेकमध्येही येतो. तिथे मी जास्त वेळ घेतो, कारण पुतणीला इंजिनात बसायचं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव कऱ्हाडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून 1980 च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत लागल्या आणि देशातल्या पहिल्या महिला लोको पायलट झाल्या. त्यांचं कात्रण तिने कपाटाला आतून चिकटवलं आहे. तिला मी म्हटलं, ताशी 90 किलोमीटरला 5/18 ने गुण. 25 मीटर प्रति सेकंद. समजा ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग अर्धा मीटर प्रति सेकंदाने उतरतो. थांबायला 50 सेकंद लागतील. अंतर किती? तिने मांडलं: 625 मीटर. आता वेग निम्मा कर, ताशी 45. तिने लगेच सांगितलं, "अर्धं. तीनशे बारा." मी म्हटलं, मांडून पाह्य. 156 आलं. पाव.

आमच्या मारुतीच्या पारापासून जिनिंगच्या वजनकाट्यापर्यंत साधारण सव्वासहाशे मीटर भरतात. आम्ही दोघं ते अंतर चालत गेलो. पारावर उभं राहून ब्रेक लावला तर गाडी काट्यापाशी थांबणार, आणि मधे जे काही येईल ते येईल: गाय, माणूस, शाळेतून येणारं पोर. चालताना ती काही बोलली नाही. काट्याशी पोचल्यावर मागे वळून बघत म्हणाली, "पारावरचा मानूस इथून ओयखू बी येत नाई काका." पोलादावर पोलाद फार कमी घासतं, म्हणूनच एक इंजिन पन्नासहून जास्त डबे कोळसा ओढतं आणि म्हणूनच ते पटकन थांबत नाही. चढावर चाक घसरू नये म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात, हे तिला त्या दिवशी सांगितलं. तिने ते वहीत लिहिलं, परीक्षेत येण्यासारखं नसलं तरी.

आता रुळांची गोष्ट. मला सांगायची होती ती हीच.

गाइडमध्ये प्रश्न आहे: रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट का ठेवतात? उत्तर: उन्हाळ्यात प्रसरणासाठी. मी म्हटलं, मोजून पाहू. आमच्या गावाजवळून शकुंतलेचा, म्हणजे अरुंद रुळांवरच्या जुन्या गाडीचा, मार्ग जातो. यवतमाळ ते मूर्तिजापूर, 113 किलोमीटर, रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. मोठ्या मार्गाचं 1676 असतं. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी 1994 पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, मग गाडीच थांबली. रूळ मात्र आमच्याकडे अजून आहेत, तरोट्यात आणि बाभळीत लपलेले. माझ्या आईचं माहेर त्याच गाडीने जवळ होतं.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी साडेसहाला पुतणी, मी आणि अभ्यासिकेतली दोघं तिथे गेलो. सोबत बारीक मापं घ्यायचा माझा आयटीआयतला व्हर्निअर आणि बेअरिंगचं तापमान बघायचा जिनिंगमधला तापमापक. तीन सांधे निवडले, खडूने खुणा केल्या. रूळ 30 फुटांचा भरला, 9.14 मीटर. तापमान 16 अंश. फटी मोजून पुतणीने वहीत लिहिल्या. दुपारी तीनला परत गेलो, तेव्हा रूळ 46 अंश. तिने आधीच हिशेब करून ठेवला होता: 9.14 गुणिले 0.0000115 गुणिले 30, म्हणजे 3.15 मिलिमीटर. एवढी फट कमी झाली पाहिजे.

पहिला सांधा 2.9 ने मिटला होता. तिघांनी एकदम टाळी दिली. दुसरा 2.2 ने. तिसरा सकाळी 6.1 होता आणि दुपारीही 6.1 च. तिने दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं. सांध्याच्या फिशप्लेटा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, आणि बोल्ट गंजून एकजीव झाले होते.

दोघं पोरं म्हणाली, "हा खराब हाय, सोडून देऊ." पुतणी बसूनच राहिली. म्हणाली, "लोखंड तापलं त वाढलंच पाह्यजे ना? तीन मिलिमीटर. फट त मिटली नाई. मंग उरलेलं कुठं गेलं?"

मी तिच्याशेजारी मातीत बसलो. मला हा प्रश्न तीस वर्षांचा होईपर्यंत पडला नव्हता.

वाढायचं आहे पण वाढू दिलं नाही, तर ती वाढ रुळाच्या आत दाब होऊन बसते. आबाजींच्या धावेत उलट होतं: निवलेल्या कडीला आकसायचं होतं, चाकाने आकसू दिलं नाही, म्हणून तिने चाक आवळलं. वहीवर मांडलं. पोलादाचा यंग गुणांक, म्हणजे ताणायला-दाबायला ते किती कठीण त्याचं माप, दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, गुणिले 0.0000115, गुणिले 30 अंश. 69 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मोठ्या मार्गावरच्या, मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळाचा छेद सुमारे 7,686 चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर पाच लाख तीस हजार न्यूटन, म्हणजे 54 टन. एका रुळात. दिसत काहीच नाही.

तिने सूत्राकडे बघून विचारलं, "यात लांबी कुठं हाय?"

लांबी नाहीच त्यात. धरून ठेवलेला रूळ हातभर असो की कोसभर, आतला दाब तेवढाच. म्हणूनच आज मोठ्या मार्गांवर रूळ जोडून सलग लांब करतात, फटी ठेवत नाहीत आणि जुनी खटखट ऐकू येत नाही. क्लिपा, स्लीपर आणि खडी मिळून रूळ जागेवर धरतात. तिथल्या हवामानाला मधलं पडेल अशा तापमानाला तो ताणविरहित करून बसवतात, म्हणजे हिवाळ्यात फार ताणला जाणार नाही आणि उन्हाळ्यात फार दबणार नाही. आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला, रूळ साठीला पोचला, की ट्रॅकमन भर दुपारी पायी गस्त घालतात. खडी कुठे सैल झाली असेल तर त्या टनांना बाजूला फुटायला वाट मिळते आणि रूळ सापासारखा वळतो. गाइडमधलं उत्तर शकुंतलेसाठी बरोबर आहे. वर्ध्याच्या मुख्य मार्गावर तो प्रश्नच बदललेला आहे.

ऊन कलायला लागलं होतं. पोरं बोरं वेचायला गेली. पुतणीने वहीत तक्ता आखला: तीन सांधे, सकाळ, दुपार, फरक. शेजारी आणखी एक रकाना आखून वर 'मे' लिहिलं आणि तो रिकामा ठेवला. मग खडूने तिसऱ्या सांध्याची पुसट झालेली खूण पुन्हा गडद केली.

"मे मंदी येऊ काका," ती म्हणाली. "तवा पाहू हा बोल्ट धरते का तुटते."